टॅक्सकाका आणि आमच्या घरातली माणसं

इन्कम टॅक्स नसलेल्या देशात नोकरी लागली म्हणून वाईट वाटलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ओमानला आलेला प्रत्येक जण घरी पहिलं पत्र लिहायचा, त्यात हे वाक्य हमखास असायचं की इथे पगारातून एक पैसा कापत नाहीत. टॅक्सकाकांनी पहिल्या पत्रात काय लिहिलं असेल कुणास ठाऊक. पुण्यात वीसेक वर्षं ते लोकांची रिटर्न भरत होते, ऑफिसरांशी कलमावरून भांडत होते आणि त्यात ते सुखी होते. मग मुलीचं लग्न आणि फ्लॅटचे हप्ते एकदमच आले, म्हणून मस्कतच्या एका मोटारी विकणाऱ्या कंपनीत ऑडिटर होऊन आले, आणि सारी विद्या एका दिवसात निरुपयोगी झाली. "टकल्यांच्या गावात कंगव्यांचं दुकान काढलंय मी," असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

त्यांचं आडनाव मराठी घरांत फारसं कुणी उच्चारत नसे. मोठी माणसं साहेब म्हणत, आम्ही पोरं टॅक्सकाका. तोंडावरसुद्धा. त्यांना ते आवडायचं. एखाद्याने नुसतंच काका म्हटलं तर त्यांना काहीतरी कमी वाढल्यासारखं वाटत असावं.

मस्कतच्या अल खौद भागात एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. जिना चढताना इस्त्रीची वाफ अंगावर यायची आणि वर गेलं की काकूंच्या फोडणीचा वास. आमचं घर दोन गल्ल्या सोडून. बाबा रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते, महिन्यातले बरेच दिवस साइटवर. त्यामुळे आईला कुठल्याही कागदाची अडचण आली की ती मला म्हणायची, "जा, टॅक्सकाकांना दाखवून ये." मग तो विजेच्या बिलाचा कागद असो की औषधाच्या बाटलीबरोबर आलेला.

मार्च संपला की काका स्वतःचं रिटर्न भरायचे. कुणाकडे? तर काकूंकडे. रियालमधला पगार रुपयांत आणायचा, भारतातले त्या वर्षीचे दर लावायचे, वजावटी घ्यायच्या, निघेल तो टॅक्स रोख काकूंच्या हातावर ठेवायचा. काकू सरकार. त्या भिंगातून एकेक आकडा बघायच्या आणि नेमकं नको ते विचारायच्या. "ही टायची खरेदी व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवलीय. मागच्या वर्षीचे चार टाय कुठे गेले?" काका घाम पुसत उत्तर द्यायचे. काकूंच्या राजवटीत देशाचा विकास चांगला झाला. आधी वॉशिंग मशीन आलं, मग सोफा. एका वर्षी रिटर्नला उशीर झाला तर काकूंनी दंड ठोकला, आणि त्या दंडातून आम्हा गल्लीतल्या सगळ्या पोरांना कुरुमच्या समुद्रावर आइस्क्रीम मिळालं.

पावतीवाचून त्यांचा जीव रमत नसे. शावर्मा घेतला की बिल मागायचे. दुकानातला मल्याळी मुलगा हात जोडायचा, "सर, दो सौ बैसा का क्या बिल?" काका शांतपणे खिशातून कागद काढून द्यायचे. "लिखो. तारीख भी डालो." शेवटी त्या मुलाने एक पावतीपुस्तकच आणून ठेवलं. ते फक्त काकांसाठी निघायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी न्यू जर्सीला होती. तिला काकांनी एकच गोष्ट मागितली होती, तिकडच्या टॅक्सची माहितीपुस्तकं. ती वर्षातून एकदा जाडजूड पाकिटातून यायची. काकू म्हणायच्या, "लोकांच्या मुली आईला सेंट पाठवतात, आमची बापाला टॅक्सची पुस्तकं पाठवते." काका ती पुस्तकं गॅलरीत बसून पेन्सिल घेऊन वाचायचे. मध्येच मान डोलवायचे. "काय लिहिलंय! एक वाक्य सैल नाही."

त्याच सुमारास तिकडे अशी सोय निघाली की कॉलेजची फी भरणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळेल. काकांचा जावई संध्याकाळचा कसलासा कोर्स करत होता आणि त्याने ती सूट घेतलीच नव्हती. काकांना हे कळलं आणि ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. एरवी परदेशी फोन म्हणजे तीन मिनिटांत "बरी आहेस ना, ठेवतो". त्या दिवशी अर्धा तास चालला. खाली लाँड्रीवाल्याला ऐकू जावं इतक्या मोठ्याने ते ओरडत होते. "अगं, वजावट नव्हे, सूट! वजावट उत्पन्नातून जाते, सूट टॅक्समधून जाते! आभाळ-पाताळाचा फरक आहे!" सगळे कागद कुरियरने मागवून घेतले, दुरुस्त करून परत धाडले, आणि काही महिन्यांनी जावयाला चेक आला. काकांनी पैसे मागितले नाहीत. चेकची झेरॉक्स मागितली. ती शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी उभी केली. काकूंनी विचारलं, "दोघांनाही फूल वाहू का?"

"सरकारने शिकणाऱ्याचे पैसे परत केले," काका म्हणाले, "याहून मोठं काय असतं?" त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

इंडियन स्कूलमधली मुलं अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायला लागली आणि काकांच्या विद्येला मस्कतमध्ये अखेर गिऱ्हाईक मिळालं. तिकडची काही कॉलेजं वडिलांची ऐपत बघून फी कमी करतात. त्यासाठी एक लांबलचक अर्ज असतो. पगार किती, घरभाडं किती, शिल्लक किती, घरात माणसं किती. शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी नऊला काका आंघोळ करून, टाय लावून बसायचे. बाहेर चाळीसच्या वर ऊन, पंखा गरम हवा फिरवतोय, आणि हे टायमध्ये. काकू हॉलमध्ये पोहे देऊन पुढच्या पाळीच्या लोकांना थोपवून धरायच्या. आतल्या खोलीत एका वेळी एकच कुटुंब, दार लावून.

दार लावायचं कारण होतं. मस्कतमधला आपला माणूस स्वतःची शुगर सांगेल, मूळव्याध सांगेल, पगार सांगणार नाही. कुणी लपवायचे, कुणी फुगवायचे. मुलीचं स्थळ बघताना सांगितलेला पगार वेगळा आणि अर्जातला वेगळा. काकांनी ऐकलेला एकही आकडा कधी त्या खोलीच्या बाहेर आला नाही, काकूंपर्यंतसुद्धा नाही. त्यांचा नियम एकच. "रकाना रिकामा ठेवायचा नाही. नसेल तर शून्य लिहा. शून्याला कुणी नोटीस पाठवत नाही."

सगळ्या कॉलेजांची एक मागणी ठरलेली असायची, वडिलांच्या टॅक्स रिटर्नची प्रत जोडा. काकांनी त्यासाठी एक पत्र टाइप करून ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की या देशात पगारावर कर नाही, आणि याची मी स्वतः अनेक वर्षं कसून खात्री करून घेतली आहे. तरी महिन्याभराने फॅक्स यायचा, ठीक आहे, पण रिटर्नची प्रत पाठवा. काका चिडायचे नाहीत. उलट खुलायचे. इतक्या लांबून कुणीतरी आपल्याकडे टॅक्स रिटर्न मागतंय, हे त्यांना माहेरचं बोलावणं आल्यासारखं वाटायचं.

एकदा इब्रीहून एक दुकानदार आले. मूळचे रत्नागिरीकडचे, इब्रीत कापडाचं दुकान. तीन तास गाडी चालवत आले होते आणि अर्जाच्या एका ओळीवर बोट ठेवून बसले.

"काका, ह्यांत विचारलान, तुमचा धंदा हाय का? आता दुकान मी चालवतंय, माल माजा, उधारी माजी, पन पाटीवर नाव अर्बाबचा. मी हाय लिवू का नाय लिवू?"

तिथला कायदाच तसा. लायसन तिथल्या माणसाच्या नावावर, तो अर्बाब, आणि राबणारे आपण. काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. "अहो, तुमचा धंदा आहेही आणि नाहीही, आणि दोन्ही खरं आहे! बसा, बसा. जेवूनच जा." त्यांनी तीन पानी पुरवणी लिहिली. कायद्याने ज्याचा नाही पण राबतो तो, नफ्यातला वाटा किती, दुकान उद्या बंद झालं तर हातात काय राहतं. त्यांचं पोरगं गेलं अमेरिकेला. पुढे दर हंगामात इब्रीहून खजुराची पेटी यायची आणि काका निरोप पाठवायचे, किलोचा भाव लिहून कळवा. दुकानदार फोनवर कळवळायचे, "अवो काका, भेटीला कसला भाव?"

आता माझं सांगते. मला बारावीच्या वर्षी एका लहानशा, बर्फाळ गावातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. फीचा आकडा बाबांनी एकदाच वाचला आणि कागद उलटा ठेवला. मदत मिळाली तर जायचं, नाही मिळाली तर नाही, इतकं सरळ होतं ते. आणि बाबा अर्जच करायला तयार नव्हते.

बाबा शिष्यवृत्तीवर शिकले. औरंगाबादच्या वसतिगृहात राहून. आमच्या खानदानातले पहिले इंजिनिअर. शिष्यवृत्तीचे पैसे घ्यायला खिडकीशी उभं राहावं लागायचं आणि आतला कारकून सगळ्यांदेखत ओरडायचा, "स्कॉलरशिपवाले इकडे व्हा, बाजूला." ते बाबांच्या मनातून कधी गेलं नाही. "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, मी शिकलो," ते म्हणायचे. "पण माझ्या लेकीला त्या खिडकीशी उभं करणार नाही. तिला मी माझ्या पैशानं शिकवीन." तेवढे पैसे कुठे होते, हे आईने विचारलं की ते साइटवर निघून जायचे.

काका स्वतः आमच्या घरी आले. टाय लावून. "इंजिनिअरसाहेब, तिकडे या खिडकीशी डॉक्टरही उभे असतात. बँकेचे मॅनेजर असतात. मी भरलेत त्यांचे अर्ज, नावं सांगणार नाही. ही भीक नाही. तुमच्या ऐपतीप्रमाणे तुम्ही भरायचं, एवढंच आहे. जसा टॅक्स, तशी फी." बाबांनी फीचा उलटा ठेवलेला कागद सुलटा केला. मग म्हणाले, "नाव ओरडत नाहीत ना?"

"पाकिटात येतं. बंद पाकिटात."

पुढच्या शुक्रवारी बाबा, मी आणि पोह्यांची बशी त्या आतल्या खोलीत. पगार लिहिला, भाडं लिहिलं, बाबांनी सगळं खरं सांगितलं. मग काकांनी विचारलं, "कुटुंबातल्या व्यक्ती?"

"अकरा," बाबा म्हणाले.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी तुमच्याकडे जेवून गेलोय. चार आहात."

"चार इथं आहोत. बाकीचे गावाकडं." बाबा बोटांवर मोजत सांगायला लागले. आई, भाऊ, भावजय, त्यांची तीन लेकरं, आणि विधवा बहीण.

"अहो, ते घर वेगळं."

"वेगळं कसं? चूल एकच आहे, साहेब. लांब आहे, इतकंच."

"कॉलेज नवरा, बायको आणि मुलं मोजतं."

"मग कॉलेज चुकीचं मोजतं," बाबा म्हणाले. "चार लिहिलं तर मी सही करणार नाही."

काका नियमाचे आणि बाबा शब्दाचे, आणि माझी अमेरिका या दोघांच्या मधोमध. काकांनी पेन्सिल ठेवली आणि आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वाटेवर ते आमच्या दारात हजर, हातात अर्जाची माहितीपुस्तिका. चप्पल न काढताच उंबऱ्यात उभे राहून वाचायला लागले. वेगळ्या छपराखाली राहणारा नातेवाईक किंवा दुसरा कुणी, ज्याच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार तुमच्यावर असेल, तोही मोजता येतो. "मी चुकलो," ते म्हणाले. "नियम तुमच्या बाजूने आहे. वीस वर्षं कामं केली आणि बारीक टाइप वाचला नाही. आता फक्त पुरावा काढा. तुम्ही दर महिन्याला ड्राफ्ट पाठवता, त्याच्या पावत्या."

"पावत्या ठेवत नाही मी," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"पावती ठेवायची म्हणजे कधीतरी दाखवायची. भावाला दिलेले पैसे काय दाखवायला असतात?"

काकांनी दाराची चौकट धरली. "इंजिनिअरसाहेब, तुमच्याइतका चांगला अशील मला मिळाला नाही. आणि तुमच्याइतका वाईटही."

अर्ज अकरा लिहूनच गेला. तिकडून मदत विभागातल्या एका बाईंचा फॅक्स आला. अकरा माणसांबद्दल त्यांना शंका होती. ही माणसं खरोखर तुमच्यावर अवलंबून आहेत, असं प्रत्यक्ष माहिती असलेल्या जबाबदार व्यक्तीने लिहून द्यावं, नाही तर चारच धरू. चार धरले असते तर आमच्या वाट्याला जी फी येत होती ती आम्हाला झेपणारी नव्हती. बाबा म्हणाले, गावच्या सरपंचाला सांगतो लिहायला. काका म्हणाले, "सरपंचाला काय कळतंय ऑडिटमधलं?"

ते वार्षिक रजेवर पुण्याला निघालेलेच होते. काकूंना पुण्यात सोडलं आणि एसटी पकडून ते परभणीकडच्या आमच्या गावी गेले. मस्कतहून कुणीतरी साहेब टाय लावून आपल्या वस्तीत येतो आणि बाजेवर बसून म्हणतो, मी तुम्हाला मोजायला आलोय. चुलत्यांना वाटलं जनगणनावाला आहे. आजीला वाटलं बाबांना काही झालं. पुढचं सगळं मी आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि ती प्रत्येक वेळी थोडं वाढवून सांगायची.

दुपार झाली तेव्हा आजीने विचारलं, "साहेब, आमच्यात जेवताल का?"

हा प्रश्न आमच्या घरात पाहुण्याला असाच विचारला जायचा, खाली बघून. विचारणाऱ्याला त्याची दोन्ही उत्तरं माहीत असायची. हो म्हणणारे फार जोरात हो म्हणायचे, तेही आजीला लागायचं. काका वही उघडत म्हणाले, "जेवल्याशिवाय कळणार कसं, किती जणांचं शिजतं ते?"

आजी म्हणायची, तिला हसूच आवरेना. मग तिने हात राखून वाढलं नाही.

तीन दिवस राहिले ते. पिठाचा डबा पाहिला, शाळेच्या फीचं विचारलं, आत्याच्या औषधांचं विचारलं. ओट्यावर भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसलेले होते, त्यांच्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

"हे व्हय?" आजी म्हणाली. "हे बसलेले असत्यात."

"नात्यातले?"

"न्हाई."

"यांच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार कुणावर?"

"बिडी सोडली तर समदाच आमच्यावर."

संध्याकाळी शाळेतून एक सातवीतली मुलगी आली आणि दप्तर टाकून पाणी भरायला लागली. शालू. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे ते सहा-सात महिने यायचेच नाहीत, आणि पोरगी शाळेत हुशार म्हणून आजीने ठेवून घेतली होती. काकांनी विचारलं, "तू कुणाकडे राहतेस?" "आजीकडं." "आजी तुझी कोण लागते?" शालूने या माणसाला काही कळत नाही अशा नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "आजी."

निघायच्या दिवशी आजीने त्यांना उलट विचारलं, "तुमच्या घरात किती मान्सं, साहेब?"

"दोन," काका म्हणाले.

"आन बाकीची?"

"बाकीची नाहीत. मुलगी अमेरिकेत असते. तिचं रिटर्न वेगळं आहे." रिटर्न म्हणजे काय ते आजीला ठाऊक नव्हतं. तिने बांधून दिलेल्या भाकरींत आणखी दोन घातल्या.

मस्कतला परत आल्यावर काका सामान न सोडता आमच्याकडे आले. बाबांसमोर उभे राहून म्हणाले, "तुम्ही अर्जात खोटं लिहिलंय."

बाबांचा चेहरा पडला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"अकरा नाहीत," काका म्हणाले. "तेरा आहेत."

बाबांना दोघांचाही पत्ता नव्हता. आजीला फोन केला तर ती म्हणाली, एका भाकरीचं काय कळवायचं? काकांनी दोन पानी जबानी लिहिली, कुठेही एक शब्द जास्तीचा नाही. मी या घरात तीन दिवस राहिलो, तीनही दिवस सर्वांचा स्वयंपाक एका चुलीवर झाला, मीही तेच जेवलो. खाली सही, आणि सहीखाली पुण्यातल्या प्रॅक्टिसच्या परवान्याचा नंबर. बाईंनी तेरा धरले.

मस्कतमध्ये टपाल घरी येत नाही, पोस्टातल्या पेटीत येतं. बाबांनी पत्र पेटीशीच उन्हात उभं राहून फोडलं आणि गाडी घराकडे न वळवता काकांकडे वळवली. काकांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिपेपर्यंत सगळं वाचलं, आणि मगच म्हणाले, "जातेय पोरगी." बाबा त्यांच्या सोफ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. ही बातमी तिसऱ्या नंबरला कळली म्हणून आई दोघांवरही महिनाभर रागावलेली होती. त्या संध्याकाळी गल्लीत हलवा वाटला. मी इतकी आनंदात होते की मला हलव्याची चव आठवत नाही.

ही मदत दरवर्षी नव्याने मागावी लागते. पहिलं वर्ष संपवून मी सुट्टीला आले आणि शुक्रवारी पुन्हा आम्ही त्या आतल्या खोलीत. पगार, भाडं, शिल्लक. माणसांच्या रकान्याशी काका थांबले आणि त्यांनी पेन्सिलीने बारा लिहिले.

"तेरा ना?" बाबा म्हणाले. मग दचकून, "ते म्हातारे गेले का?"

"नाही, ते बसलेले आहेत. शालू."

"शालूला काय झालं?"

"काही झालं नाही. गावात सातवीपर्यंतच शाळा. गेल्या जूनपासून ती तालुक्याला आहे, वसतिगृहात. तुमच्या आईंना विचारून ठेवलीय मी. वसतिगृह, पुस्तकं, कपडे, माझ्याकडून जातं." काका अर्जाकडेच बघत बोलत होते. "म्हणजे तिचा निम्म्याहून जास्त भार आता माझ्यावर आहे. एक माणूस दोन घरांत मोजता येत नाही. मी शोधून पाहिलं. पळवाट नाही."

"आईनं मला सांगितलं नाही."

"तुमच्या घराण्यात कळवायची पद्धत नाही, ते मी बघून आलोय."

बाबा हसले नाहीत. काकांनी चष्मा काढला. "ऐका. एक माणूस कमी लिहिलं की हिची मदत कमी होणार. किती ते मला सांगता येत नाही. तुमची इच्छा असेल तर या जूनपासून तिचं सगळं तुम्ही करा, मी आत्ता तेरा लिहितो. तुमचा हक्क पहिला आहे. पण मग..." कलमं तोंडपाठ असलेला माणूस, आणि त्यांना शब्द सापडत नव्हता. काकू दारात पोह्यांची बशी घेऊन उभ्या होत्या. त्या बशी खाली ठेवत नव्हत्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फी माझी होती, अमेरिका माझी होती.

"बाराच आहेत, काका," मी म्हटलं. "बारा लिहा."

काकांनी पेन्सिल ठेवली, पेन घेतलं आणि पेन्सिलीवरून शाईने गिरवलं. बाबांनी सही केली.

त्या वर्षी माझी मदत खरंच कमी झाली. मी कॉलेजच्या भोजनगृहात ताटं विसळायची पाळी वाढवून घेतली. गरम पाणी, बाहेर बर्फ, बरोबर गप्पा मारायला एक व्हिएतनामी मुलगी. मजेत गेलं ते वर्ष.

पण हे सगळं पुढचं. त्या शुक्रवारी घरी आल्या आल्या बाबांनी गावाला फोन लावला. चिडून नव्हे, पण आवाज जड होता. "आई, शालूला साहेबांना देऊन टाकलीस आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

लाइन खरखरत होती. आजीचा आवाज मला बाजूला उभी असूनही ऐकू आला.

"दिली कशाला? लेकरू काय देत असत्यात व्हय रे?" ती म्हणाली. "मोजायला दिलीय. लई मोकळं घर हाय त्यांचं."